डाव्या हाताचा गुलाब

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रशिक्षण केंद्राचे संस्थापक साहेब, बेकरी व्यावसायिकांच्या संघटनेतर्फे मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आज ज्यांच्या निरोपासाठी हे सभागृह भरलं आहे त्या आदरणीय बाई, पहिल्या रांगेत अवघडून बसलेले बाईंचे यजमान, केंद्रातले सगळे शिक्षक, आणि हात धुऊन, ॲप्रन काढून इथे आलेल्या आजी-माजी विद्यार्थिनींनो... आणि हो, विद्यार्थ्यांनो. आता तुम्हीही दोन-चार दिसता. मी शिकायला आलो तेव्हा या वर्गात पुरुष म्हणून मी एकटाच होतो.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मघाशी कानात सांगितलं, "पेंटरभाऊ, आटोपशीर हं." प्रयत्न करतो. आयुष्यभर पाट्या रंगवल्यामुळे कमी शब्दांत काम भागवायची सवय आहे. पण बाईंबद्दल बोलायचं म्हणजे पाटी जरा मोठी घ्यावी लागेल.

पाट्या रंगवायचो म्हणून मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मजकूर, सगळं केलं. पुढे यंत्रावर छापलेले फलक आले. माझा राग कुणावरही नाही. सकाळी सांगितलेली पाटी संध्याकाळी मिळत असेल, तर माझा रंग वाळेपर्यंत कोण थांबेल? हळूहळू कामं बंद झाली. ब्रश रॉकेलात बुडवून ठेवायचे आणि संध्याकाळी तसेच पुसून परत ठेवायचे, एवढंच काम उरलं.

माझ्या मेहुण्याची बेकरी आहे. बायकोचा धाकटा भाऊ. तोंडानं फटकळ, पण मनानं चांगला. तो म्हणाला, "भाऊजी, माझा केक सजवणारा कारागीर सोडून चाललाय. तुमच्या हातात कला आहे, तुम्ही या. पण आधी रीतसर शिकून, परीक्षा पास होऊन या. नाहीतर गिऱ्हाईक म्हणेल, घरचा माणूस आहे म्हणून बसवलाय."

असा मी इथे आलो. आणि इथे आल्यावर मला आठवण झाली की मी डावखुरा आहे.

तुम्ही हसाल. पण खरंच, पाट्या रंगवताना मला त्याचा कधी त्रास झाला नव्हता. भिंतीला डावं-उजवं कळत नाही. केकला कळतं! आपल्या भाषेत सोप्या कामाला 'डाव्या हातचा मळ' म्हणतात. ज्यानं कुणी हा वाक्प्रचार काढला, त्यानं डाव्या हातानं क्रीमचा गुलाब काढून पाहिला नसावा.

पहिल्या दिवशी बाईंनी क्रीमची पिशवी भरायला शिकवली आणि म्हणाल्या, "पिशवी उजव्या हातात, केकखालचं टर्नटेबल डाव्या हातानं फिरवायचं." मी आज्ञाधारकपणे उजव्या हातात घेतली. बाहेर जे आलं त्याला फूल म्हणणं फुलाचा अपमान होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, गांडुळं छान जमलीत."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप डाव्या हातात घेतली. बाईंनी पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. रेषा सरळ आल्या, ठिपके गोल आले. मला वाटलं, जिंकलो. मग गुलाब आले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, क्रीमचा गुलाब केकवर काढत नाहीत. चपट्या डोक्याचा एक मोठा खिळा असतो, त्यावर काढतात. एका हातानं खिळा फिरवायचा, दुसऱ्या हातानं पाकळी सोडायची. बाईंच्या हातात ते इतकं सहज व्हायचं की बघणाऱ्याला वाटावं, गुलाब आतच होता, बाईंनी नुसता बाहेर बोलावला. माझी मात्र दुसरी पाकळी आली की पहिली खरवडून निघायची. तिसरी लावायला गेलो की सगळा डोलारा खिळ्यावरून घसरून टेबलावर.

बाई माझ्यामागे उभ्या राहून बघायच्या. हात धरून दाखवायला गेल्या, तर त्यांचा हात एकीकडे जायचा नि माझा दुसरीकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "पेंटर, तुमचं काहीतरी चुकतंय. पण काय ते मला दिसत नाहीये."

शिक्षकानं असं म्हणावं? मला तेव्हा वाटलं, झालं, बाईंनी हात टेकले. आज स्वतः शिकवताना कळतं की 'मला दिसत नाहीये' हे कबूल करायला केवढी ताकद लागते. पण तेव्हा मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, "हे माझं काम नाही. उद्यापासून जाणार नाही."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं एवढंच विचारलं, "बरं. मग उद्यापासून काय?"

तरी मी गेलो नाही. काही दिवस नुसता घरात बसलो. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं एका खिळ्यापुढे हार मानावी, याची लाज वाटत होती, आणि ती लाज मी घरातल्यांवर चिडून काढत होतो.

मग एका दुपारी त्या गांडुळवाल्या काकू दारात उभ्या. म्हणाल्या, "बाईंचा निरोप आहे. सोमवारी वर्ग भरायच्या जरा आधी या म्हणाल्यात. आणि म्हणाल्यात, नाही आलात तर मी येईन."

बाई घरी येणार म्हटल्यावर बायकोनं आधी घर आवरायला काढलं आणि मग मला घराबाहेर काढलं. गेलो.

वर्ग रिकामा होता. बाईंनी मला समोर बसवलं. शेजारी नाही, पाठीमागे नाही, बरोब्बर समोर. आणि त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली.

मंडळी, बाईंचा उजवा हात तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्या दिवशीचा डावा हात फक्त मी पाहिला. पिशवीच्या टोकाचं नोझल एकदा खिळ्याला आपटलं. पाकळ्या जाड, कडा फाटलेल्या. पण शेवटी गुलाब उभा राहिला. बेढब होता, पण पडला नाही.

त्या म्हणाल्या, "तुम्ही आला नाहीत तेवढे दिवस घरी हेच करत बसले होते. माझाही गुलाब तुमच्यासारखाच पडायचा, अगदी तस्साच. तेव्हा कळलं. मी खिळा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवते, म्हणून तुम्हीही तसाच फिरवता. माझं बघून शिकताय ना! पण तुमचा हात पलीकडून येतो. तुम्हाला खिळा काट्यांप्रमाणे फिरवायला हवा. फिरवा."

मी फिरवला. पहिली पाकळी बसली. दुसरी तिच्यावर अलगद टेकली. तिसरी, चौथी... पूर्ण गुलाब झाला तेव्हा बाई म्हणाल्या, "हं. आता दुसरा काढा. एक गुलाब कुणाचाही येतो."

बाईंच्या घरी त्या काळात जे पडके गुलाब तयार झाले त्यांचं काय झालं, हे विचारायचं असेल तर पहिल्या रांगेत यजमानांना विचारा. ते मान हलवताहेत. त्यांच्या डॉक्टरांनी पुढे गोड बंद केलं, त्यात माझा थोडा वाटा आहे, याची मला नम्र जाणीव आहे.

सत्काराच्या भाषणांत नेहमी म्हणतात की अमक्यांनी विद्यार्थ्यांत कधी डावं-उजवं केलं नाही. बाईंनी केलं! अगदी मन लावून केलं. म्हणून तर मी शिकलो.

आता परीक्षेचं सांगतो. बॉर्डर, फुलं आणि अक्षरं, तिन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागे. परीक्षक बाहेरचे होते. अक्षरांसाठी मजकूर दिला होता, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. मी टूथपिकनं जागा आखून घेतली आणि सुरुवात केली. केकवर पहिल्यांदा उमटलं ते 'च्छा'.

परीक्षक दचकले. "अहो, हे काय? शेवटापासून का लिहिताय?"

म्हटलं, "साहेब, डावा हात लिहिलेल्यावरून पुढे सरकतो, ओलं अक्षर पुसलं जातं. म्हणून पाट्यासुद्धा अशाच रंगवायचो."

मजकूर पुरा होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. अक्षरांत मला भरभरून गुण मिळाले. फुलांतही पास. बॉर्डरमध्ये मात्र नापास! कडेनं क्रीमच्या शिंपल्यांची ओळ काढायची होती. माझे शिंपले अर्थातच सगळ्यांच्या उलट बाजूला झुकलेले. शेरा होता, 'दिशा चुकीची'.

बाई तडक संस्थापक साहेबांच्या खोलीत गेल्या. परीक्षक तिथेच होते. मी दाराबाहेर उभा. दार उघडंच होतं. बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही भांग डावीकडे पाडता, हे उजवीकडे पाडतात. दोघांपैकी उलट्या डोक्याचं कोण, ते सांगा."

साहेब हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय. तेव्हा दोघांनाही भांग पाडण्याइतके केस होते.

साहेबांनी निकाल बदलला नाही. लागलेला निकाल बदलायचा नाही, असा नियम होता आणि ते नियमाचे पक्के. पण पुढच्या परीक्षेपासून त्यांनी लिहून घेतलं की शिंपले एकसारखे आणि एकाच दिशेला झुकलेले असावेत, मग ती दिशा कोणतीही असो. मी पुन्हा बसलो आणि पास झालो. मधल्या काळात मेहुण्यानं मला फक्त केकवरची नावं लिहायला बसवलं. "नापास भाऊजी" म्हणून दोन-चारदा चिडवलंही. त्याच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा डोळे वटारल्यावर बंद केलं.

बेकरीत रुळल्यावर एके दिवशी बाई आल्या. यजमानांच्या वाढदिवसाचा केक त्यांनी सांगून ठेवला होता. नेमका मीच करायचा, अशी अट घालून. मी जीव ओतून केला. बाईंनी खोका काउंटरवर ठेवला, झाकण उघडलं आणि खोका सावकाश गोल फिरवत सगळी कड बघितली. दुकानात गर्दी होती. मेहुणा गल्ल्यावरून मान लांब करून बघत होता. बाईंनी एका जागी बोट दाखवलं. "इथला शिंपला बारीक झालाय."

खरंच झाला होता.

त्यांनी झाकण लावलं, केक उचलला आणि दारापर्यंत गेल्या. तिथून परत फिरल्या.

"पेंटर, नव्या वर्गात एक डावखुरी मुलगी आलीये. हुशार आहे, पण रडकुंडीला येते. मी तिच्यासमोर बसू शकते, पण माझा डावा हात कामचलाऊ आहे. मंगळवारी दुपारी याल का तिला शिकवायला?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघता? जा की."

तेव्हापासून मी मंगळवारी येतो. ती मुलगी पुढे छान शिकली. आज ती तिकडे खांबाजवळ उभी आहे, स्वतःचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आली आहे. तिच्यानंतर आणखी कितीतरी आले. सोमवारपासून बाई वर्गात नसतील. पण मंगळवारी दुपारी मी असेन, आणि जो कुणी डाव्या हातात पिशवी धरून बावरून बसलेला असेल, त्याच्या समोर खुर्ची ओढून बसेन.

बाई, तुम्हाला आणि यजमानांना उत्तम आरोग्य लाभो. संस्थापक साहेबांनी मला इथे बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आम्हा पेंटर लोकांना भाषणाचा सराव नाही. कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, थट्टेत एखादा शब्द अधिक-उणा गेला असेल, तर तो मोठ्या मनानं पोटात घाला. केकही आता येतोच आहे. नमस्कार.