उडी मारली कोणी?

…आणि वरून म्हणते, "मोठेबाबा, टाचा खाली." अहो, टाचा खाली घ्यायला त्या जागेवर तर असायला पाहिजेत ना? माझी एक टाच रिकिबीतून निसटून घोडीच्या पोटाला लागलेली, दुसरी कुठे आहे याचा मला पत्ता नाही, दोन्ही हातांनी मी आयाळ धरलेली, लगाम दातांत धरायचा तेवढा बाकी… आणि ही पंधरा वर्षांची पोरगी, अर्पिता, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची मुलगी, जिला मी खांद्यावर बसवून जैनथच्या बाजारात फिरवलं, ती कमरेवर हात ठेवून मला सांगते, टाचा खाली. वय पंचावन्न आहे माझं. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं वार्ताहर आहे मी, एमआरओंच्या, म्हणजे आमच्याकडच्या तहसीलदारांच्या, टेबलावर मूठ आपटून आलोय, एका बस डेपोच्या मॅनेजरनं वकिलाची नोटीस पाठवली तर ती नोटीसच बातमी करून छापली, पण खुलासा? 'अमुक तारखेच्या बातमीत चूक झाली, दिलगीर आहोत' असं? नाव नको. एकतीस वर्षांत एक खुलासा नाही.

तुम्ही म्हणाल, मग घोडीवर कशाला चढलात? त्यासाठीच चढलो ना.

त्याचं असं झालं, ही अर्पिता हैदराबादकडच्या हॉस्टेलच्या शाळेत शिकते, तिथे पोरींना घोडेस्वारी शिकवतात, मार्चमध्ये स्पर्धा झाली आणि हिचा दुसरा नंबर आला. घरातली बातमी, मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार? लिहिली. आमचं दैनिक निघतं नांदेडहून, आमच्याकडे, सीमेपलीकडे तेलंगणात, दुपारी पोचतं, पण पोचतं, आणि फोटोसकट आलं. मी लिहिलं होतं, 'घोड्याने तीन फुटांचा अडथळा लीलया पार केला. पाठीवर जैनथची कुमारी अर्पिता बसली होती.' आता यात चूक काय? पाय कोणाचे? घोड्याचे. हवेत गेलं कोण? घोडं. मी डोळ्यांना दिसतं ते लिहितो, मनचं घालत नाही.

सुट्टीत घरी आली ती पेपर हातात घेऊनच. ना जय भीम, ना पाणी. "बसली होती? मोठेबाबा, मी काय बसमधी बसली होती काय?"

मी म्हटलं, "बाई, उडी तं घोड्यानंच मारली ना?"

"बरं. मंग तुमी बसून दाखवा. नुसते बसून. घोडं मारते ना उडी, मारू द्या त्याले. शाळा उघडाच्या आधी एक उडी झाली तं तुमचं खरं. नाही झाली तं खुलासा छापा."

"आन् नाही छापला तं?"

"तं पुढची बातमी मी दुसऱ्या पेपरले देईन."

दुसऱ्या पेपरला… माझ्या घरातली पोरगी. ज्या पेपरच्या वार्ताहराला साधं पंचनामा आणि पत्रक यातलं अंतर कळत नाही, त्याच्या पेपरात माझ्या पुतणीचा फोटो? मी त्याच क्षणी म्हटलं, आण घोडं. एकतीस वर्षांत एक खुलासा नाही, आता काय देणार?

पण जैनथमध्ये घोडं आणायचं कुठून? एकच घोडी आहे, लखनची मोहिनी. वरातीची घोडी. अकरा वर्षं झाली, पेनगंगेच्या दोन्ही काठांवरचे नवरदेव तिनं वाहिले. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, तेव्हा ठरलं असं की सकाळी मोहिनी माझी आणि संध्याकाळी नवरदेवाची. लखन म्हणाला, "साहेब, फक्त दमवू नका, तिले रात्री बँडपुढं नाचा लागते." मला दमवू नका असं कोणी म्हणालं नाही.

लखनच्या रिकाम्या वावरात अर्पितानं दोन बाजूंना पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, पेंड्या उभ्या केल्या आणि मधे आडवा बांबू टाकला, गुडघ्याएवढा. गुडघ्याएवढा म्हणजे किती? खाली उभं राहून काहीच नाही. घोडीवर बसून तो बांबू तुमच्याकडे येताना बघा, मग बोला.

पहिल्या दिवशी मोहिनी झकास धावली. मी बसलो होतो, ठरल्याप्रमाणे नुसता. बांबू आला… आणि मोहिनी थांबली. एकदम. मी थांबलो नाही. मी तिच्या कानांवरून पलीकडे पऱ्हाटीत गेलो, आणि ती मान हलवत, एक पाय उचलून, मोठ्या दिमाखात उभी.

लखन शांतपणे म्हणाला, "साहेब, तिले वाटलं मांडव आला."

कळलं का? दोन बाजूंना दोन खांब, मधे आडवं. अकरा वर्षं तिनं हेच पाहिलंय, मांडवाचं दार आलं की थांबायचं, बाया ओवाळायला येईस्तोवर हलायचं नाही, नवरदेव उतरला की काम संपलं. मी पऱ्हाटीतून उठलो, म्हणजे नवरदेव उतरला… मोहिनीबाई निघाली घरी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेजारची बयनाबाई रोज तंबाखू मळत बांधावर येऊन बसू लागली, आणि चौथ्या दिवशी तर घरून ताटच घेऊन आली. म्हणे, "अमरदीपभाऊ, ओवाळून देतो मी, मंग तरी पुढं जाईन ते. किती दिवस त्या जनावराले ताटकळत ठेवता?" ओवाळलं हो तिनं मला. कुंकू लावलं. घोडी ओवाळून घेऊन प्रसन्न झाली आणि जागची हलली नाही.

कंबर गेली. बसवत नाही म्हणून बातम्या उभ्यानं लिहिल्या, फ्रिजवर मोबाइल ठेवून. भाऊ म्हणाला, दादा, सोड ना, चार ओळींचा खुलासा, काय बिघडते? बिघडतं. एकतीस वर्षांत एक खुलासा नाही. मी रोज चढलो. एकोणीस दिवस चढलो, आणि पडलो मोजून तेवीस वेळा, कारण काही दिवशी दोनदा.

विसाव्या दिवशी, म्हणजे शाळा उघडायला दोन दिवस उरले असताना, अर्पितानं आधी बांबू नीट केला. मग जवळ आली. "मोठेबाबा, लखनकाकाले मी इचारलं. नवरदेव मांडवापाशी आला का काय करते? खाली पाह्यते आन् लगाम ढिला सोडते. तुमी बी तेच करून राह्यले. बांबू आला का तुमी खाली पाह्यता. तिले वाटते, झालं, उतरा."

"मंग कुठं पाहू?"

"आमचे सर तेलुगूत वरडतात ना, मुंदुकु चूडु. पुढं पाहा. ते पाण्याची टाकी दिसून राह्यली? तिच्यावर नजर ठेवा. पाय आवळा, लगाम धरा, अन् उडीच्या टायमाले तिच्यासंगं पुढं वाका. घोडीले सांगा, मांडव नाही हा, रस्ता हाय."

आता तुम्हाला सांगतो, तेवीस वेळा ज्या बांबूनं पाडलं त्याच्याकडे न बघता जाणं काय असतं? सगळं अंग म्हणतं खाली बघ. मी बघितलं नाही. मी टाकीकडे बघितलं, टाकीवर कोणीतरी अर्धवट पुसलेली निवडणुकीची जाहिरात आहे, तिचं एकेक अक्षर वाचलं, पाय आवळले, लगाम धरला, मोहिनीची चाल जराशी अडखळली तसं मी टाचांनी सांगितलं, चल माय… आणि खालून जमीन गेली. खरंच गेली. टापा पलीकडे वाजल्या, आणि मी वर होतो. घोडीवर. दोन्ही टाचांसकट.

बयनाबाई बांधावर उभी राहिली. लखननं डोक्यावरचा रुमाल काढून फिरवला. माझं तर विमान उतरेना, मी त्या घोडीवरून राजासारखा गोल फेरी मारून आलो आणि पोरीपुढे उभा राहिलो.

"पाह्यलं?"

"पाह्यलं," अर्पिता म्हणाली, अगदी गोड आवाजात. "मोठेबाबा, उडी मारली कोणं?"

आणि मी, एकतीस वर्षं लोकांच्या तोंडून नको ते वदवून घेणारा माणूस, छाती पुढे काढून म्हणालो, "म्या मारली."

लखननं रुमाल परत डोक्याला गुंडाळला. मग हळूच म्हणाला, "साहेब, मंग घोडी काय बसली होती काय?"

पडलो असतो तर पोरीचं खरं, उडालो तर त्याहून खरं. घरी आलो, उभ्यानंच खुलासा लिहिला. 'अमुक तारखेच्या बातमीत उडी घोड्याने मारल्याचे म्हटले होते. उडी कुमारी अर्पिता हिने घोड्याकडून मारून घेतली. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' नांदेडहून उपसंपादकाचा फोन आला, "साहेब, तब्येत बरी आहे ना?" छापून आला सहाव्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली. दुसऱ्या दिवशी पोरीनं तो कापला, आदिलाबादला जाऊन लॅमिनेट करून घेतला आणि हॉस्टेलच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला, कपाटाच्या दाराला लावणार म्हणे… एकतीस वर्षं लिहितोय, घरच्या कोणी माझं लिहिलेलं जपून ठेवलं ते एवढंच. चार ओळी, आणि त्यातली एकही माझ्या बाजूची नाही.