पितळेचे चार नग

नाही, मी म्हणते, लाइन यायचीच होती तर एक मिनिट उशिरा नसती का आली? तुम्हीच सांगा! बंडूच्या चक्कीवर दळणाचा डबा घेऊन मी उभी, लाइन गेलेली, बाया भिंतीले टेकून बसलेल्या, अन् माह्या पुढं नंबर असलेली मैनाबाई तोंडाशी पदर धरून बाजूच्या बाईले सांगून राहिली, "ऐकलं का व, बंबखान्यातल्या गोवर्धनच्या घरी सरकारी पितळ निघालं म्हणे, अन् त्याले तर..." अन् लाइन आली! चक्की सुरू! भर्रर्र! मैनाबाईचे ओठ हलून राहिले, हात हलून राहिले, भुवया पार कपाळावर चढल्या, म्हणजे पुढची गोष्ट केवढी मोठी असन विचार करा... अन् माह्या कानात नुसतं पीठ! मी ओरडली, "त्याले काय? त्याले काय?" तर बंडू म्हणे, "बारीक दळू का जाडं?"

आपल्याले काय करायचं म्हणा... पण गोवर्धनभाऊ माह्या भिंतीले भिंत लागून राहणारा माणूस! गावाचं नाव कायले सांगू, अकोल्याकडचं हाय एवढं पुरे. नगरपरिषदेचा एक बंब, तो ठेवायचं टीनाचं एक शेड, त्याले आम्ही सारे बंबखाना म्हणतो, अन् तिथला सारा माल सांभाळणारा एकच माणूस, गोवर्धनभाऊ. पाइप किती, दोर किती, लोखंडी टोप किती, सारं त्याच्या तोंडपाठ. एकतीस वर्ष झाली! अन् त्याच महिन्याच्या तीस तारखेले रिटायर. अकरा दिवस राह्यले होते, अन् याच्या घरी सरकारी पितळ?

अहो, हा तो माणूस हाय का! बंबखान्यातल्या बादलीवर नंबर, टोपावर नंबर, झाडूच्या दांड्यावरही नंबर. मग सवयच अशी लागली का घरच्या गिलासांवर ऑइलपेंटनं नंबर! मी एकदा त्याच्या घरून चाळणी आणली तर हा रजिस्टर घेऊन माह्या दारात, "वहिनी, इथं सही करा. कधी परत कराल?" मी म्हटलं, "भाऊ, चाळणी हाय, ट्रॅक्टर नाही!" तर म्हणे, "आज चाळणी जाते, उद्या..." अन् डोळेच मिटून घेतले त्यानं, जसं काही उद्याचं सारं त्याले दिसूनच राहिलं.

तर मी दळण तिथंच टाकलं अन् निघाली. गल्लीत येऊन पाहते तर काय, गोवर्धनभाऊच्या दारात सरकारी जीप! आता आपल्याले काय करायचं म्हणा... पण घरात जाऊन वाटी आणली. रिकाम्या हातानं कसं जावं माणसानं? म्हटलं, विरजण मागू.

आत गेली तर खुर्चीवर एक तरणी मॅडम, गीतांजली मॅडम, अमरावतीवरून तपासणीले आलेल्या, मांडीवर फाइल. बाजूले आमचे रिटायर गुरुजी पंजाबराव ताठ बसलेले. गोवर्धनभाऊ उभा. आपल्याच घरात उभा, बरं का! अन् त्याची बायको पार्वताबाई दाराआड, डोळे लाल. मॅडमनं मले पाहिलं अन् म्हणे, "या काकू, बरं झालं आलात. शेजारीच ना? एक पंच आहेत, दुसरा हवाच होता. बसा." झालं! विरजण राह्यलं बाजूले, वाटी हातात धरून मी पंच!

"गोवर्धनराव," मॅडम म्हणे, "अग्निशमन केंद्राचं सामान घरी का?"

"चोरीले जाऊ नये म्हणून, मॅडम."

"म्हणजे चोरीला जाऊ नये म्हणून तुम्हीच घेऊन गेलात?"

"हो मॅडम."

मॅडमनं पेन खाली ठेवलं, पाणी प्याल्या, गिलासावरचा नंबर पाहिला, अन् पुन्हा पेन उचललं.

मग सारं निघालं एक एक करून. पाइपाच्या तोंडाले लावायचं पितळेचं एक निमुळतं तोंड असते, त्याले नोझल म्हणतात, त्याच्यानं पाणी लांब फेकल्या जाते. असे चार नग बंबखान्यात. अन् बंबखान्याच्या दाराची कडी आठ वर्षांपासून मोडलेली! कडी लावा, कपाट द्या, म्हणून या बिचाऱ्यानं सतरा अर्ज केले. सतरा! सतराच्या सतरा अर्जांची पोच त्याच्याजवळ हाय, कपाट काही नाही. दोन वर्षांआधी पाइप जोडायच्या दोन पितळी कड्या कोणी तरी उचलून भंगारात विकल्या, अन् मेमो कोणाले? यालेच! तेव्हापासून हा रोज संध्याकाळी चारही नग पिशवीत घालून घरी आणे, ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवे, अन् सकाळी ड्यूटीवर जातांनी घेऊन जाये. कोणाले सांगणं नाही, बोलणं नाही. बायकोलेही नाही! मले वाटे डब्याची पिशवी हाय. दोन वर्ष मी त्या पिशवीकडं पाहून राहिली, अन् मले, मले, पत्ता नाही! याचं मले जास्त वाईट वाटलं, खरं सांगते.

अन् मग आदल्या दिवशी सकाळी एका जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगाले आग लागली. याची ड्यूटी नऊची, आग सातची! बंब टायमावर गेला, टाकीत पाणी होतं, पाइप होता, पोट्टे होते, अन् पाइपाले तोंडच नाही! पाणी निघे ते सरळ त्यायच्याच पायावर. सारे मिळून पाइपाचं तोंड दाबून धरून राहिले, पाहणारे बाजूनं सांगून राहिले, असं धरा, तसं धरा... अन् हा बनियन-पायजम्यावर सायकल मारत पिशवी घेऊन पोचला, तोपर्यंत चौदा मिनिटं झाली होती. कोणाले लागलं नाही, नशीब. पण अर्धा ढीग गेला, अन् एक टीनाचं शेडही गेलं.

बरं, एवढंच असतं तर मेमोवर भागलं असतं. पण पिशवीत नग निघाले तीन! रजिस्टरले चार.

"चौथा कुठे आहे?" मॅडम म्हणे.

गोवर्धनभाऊ खाली पाहून म्हणे, "रविवारपासून सापडून नाही राह्यला. कोठी दोनदा उपसली, मॅडम."

तेव्हा मले समजलं, रविवारपासून याचा चेहरा काहून उतरला होता! मी समजत होती, रिटायर होऊन राहिला म्हणून असन.

"मला लिहावं लागेल," मॅडम म्हणे. बाई वाईट नव्हती, आवाज हळूच होता. "चार होते, तीन मिळाले. एक गहाळ. चौकशी लागेल."

चौकशी! तुम्हाले माहीत हाय ना चौकशी म्हणजे काय? माणूस रिटायर होते, म्हातारा होते, पण चौकशी तेवढी तरणीच राहते! एकतीस वर्षांचं सारं पुसून जाते, अन् कागदावर राहते, एक नग गहाळ. पार्वताबाईचा हुंदका आला. गोवर्धनभाऊ म्हणे, "एकतीस वर्षांत एक दोर कमी झाला नाही, मॅडम. पण लिहा. नाही सापडला तो नाही सापडला."

"झालं का? सही कुठं करू?" पंजाबराव गुरुजी ओरडले. त्याईले काही ऐकूच येत नव्हतं.

"थांबा, आधी पंचांनी माल पाहायचा असतो," म्हणून मॅडमनं पिशवीतून तीन नग काढले अन् टेबलावर ठेवले. मी पाहिलं... अन् माह्या हातातली वाटी ठणकन खाली!

अहो, हे तर माह्या गच्चीवर हाय! रविवारी सकाळीच मी कुरोड्या घातल्या, लुगडं अंथरलं, वारा हा असा, तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले अन् चौथ्याले काही भेटेना. पार्वताबाईले म्हटलं, जड काही हाय का व? तिनं कोठीतून ज्वारी काढता काढता हे पितळ काढून देल्लं! ना तिनं पाहिलं, ना मी विचारलं.

आता सांगा, काय करू? मीच पंच, अन् माल माह्याच घरी! बोलली तर पंचनाम्यात नाव, गावात बोभाटा. नाही बोलली तर... आपल्याले काय करायचं म्हणा! मनात म्हटलं, हो, म्हटलं मी, कायले खोटं सांगू. एवढ्यात गोवर्धनभाऊ वाकला, माही वाटी उचलली, बुडाशी नंबर हाय का ते पाहिलं, नाही दिसला, तर आपल्या बाहीनं पुसून माह्या हातात देल्ली. "वहिनी, तुमची हाय," म्हणे. चौकशी लागून राहिली अन् हा माणूस माही वाटी कोणाची ते पाहून राहिला! मग राहवते का?

"मॅडम," मी म्हटलं, "चौथा माह्या कुरोड्यांवर हाय."

निघाली वरात गच्चीवर! पुढं मी, मागं मॅडम, मग गोवर्धनभाऊ, मग पार्वताबाई, "अव, मले वाटलं सासूबाईच्या काळचं काही असन," म्हणत, अन् सर्वांच्या मागं गुरुजी, "कोण गेलं? कोण गेलं?" करत. नग तिथंच होता. पण त्याच्यावर पेंटचा नंबर नव्हता! खायच्या वस्तूजवळ ठेवायचं म्हणून मी चिंचेनं घासून घासून सोन्यासारखा करून ठेवलेला.

मॅडम म्हणे, "हाच कशावरून?"

गोवर्धनभाऊनं नग हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबला. "इथं पिचकला हाय, मॅडम. कापसाच्या पऱ्हाटीच्या आगीत पडला होता, माह्याच हातून, सोळा वर्ष झाली. चार नंबरच हाय." अन् तिथंच कुरोड्यांच्या बाजूले मटकन बसला, तो उठेचना. नंतर पार्वताबाईले हळूच म्हणे, "देतांनी सही तरी घ्यायची."

पंचनाम्यात काय लिहिलं माहीत हाय? "सदर नग पंच क्रमांक दोन यांच्या गच्चीवर कुरोड्यांवर वजन म्हणून आढळून आला." खाली सही पंच क्रमांक दोन, दुर्गाबाई! तीच मी.

इथं संपायले पाहिजे होतं ना? नाही. मॅडम म्हणे, कपाट येईपर्यंत नग ठेवायचे कुठं? बंबखान्याले कडी नाही, गोवर्धनरावांच्या घरी आता ठेवता येत नाही. तर हाच शहाणा म्हणे, "वहिनीजवळ ठेवा, मॅडम. बंबखाना दोन मिनिटांवर हाय, वहिनी चोवीस तास घरी, अन् गल्लीत कोण आलं, कोण गेलं, त्यायच्या नजरेतून मुंगी सुटत नाही." आता हे कौतुक होतं का टोमणा, तुम्हीच सांगा! गुरुजींची पुन्हा सही, माही पुन्हा सही, अन् चारही नग माह्या दिवाणाखाली.

तेव्हापासून गावात कुठंही आग लागो, बंब पह्यले माह्या दारात! भों भों भों! "काकू, नग!" मी धावत पिशवी देते. भाची आचलचा साखरपुडा होता बार्शीटाकळीले, फोनवरून आशीर्वाद देल्ला. अन् लोकायले वाटते, बंब थांबला म्हणजे आग इथंच असन! परवा गावाबाहेर कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग पेटला, तो तिकडं वीस मिनिटांत विझला, अन् इकडं शेजाऱ्यापाजाऱ्यायनं माह्या घरात सात बादल्या पाणी ओतलं. दिवाणावरची गादी अजून वाळून राहिली.

त्यातली एक बादली मैनाबाईची. भिजलेल्या गादीवर दोघी टेकलो, म्हटलं, "आता चक्की बंद हाय, सांग बाई, त्या दिवशी पुढं काय म्हणत होती?"

"तेच व, गोवर्धनच्या घरी पितळ निघालं अन् त्याले सस्पेंड केलं म्हणे."

मी म्हटलं, "पितळाचं खरं हाय मैना. सस्पेंड कायचा, त्याले शाल-नारळ देल्ला, अन् तो कालच बायकोले घेऊन कौंडण्यपूरले दर्शनाले गेला. घरातून हलता येत नाही ते मले!"