सरावासाठी निवडलेला भाग

—नाही, ते चित्र नका घेऊ. म्हणजे घ्या, आमच्या अहवालात छापलेलंच आहे, माझी हरकत असून काय उपयोग — पण त्याखाली माझं नाव नको. बसा ना, उभ्या का? जेवणाची सुट्टी आहे, बायका मागच्या व्हरांड्यात डबे उघडून बसल्यात, तोवर आपल्याला वेळ आहे. तुम्हाला यशोगाथा हवी, हो ना? तुमच्या संस्थेने संगणक दिले, मला बाहेर शिकायला पाठवलं, परत येऊन मी चार लोकांना शिकवलं, आता त्यातून एखादी चांगली गोष्ट निघाली पाहिजे — बरोबरच आहे, त्यात गैर काय. सांगते. घ्या लिहून.

हे लाल-पिवळं दिसतंय ना, ती कोरडी जमीन. पाणी प्यायलेलं पीक उन्हातसुद्धा गार राहतं, आणि उपग्रहाला तो गारवा वरून कळतो, इथे निळा होऊन उमटतो. एवढंच आहे हो. लोकांना वाटतं काय मोठं शास्त्र — कपाळावर हात ठेवला की ताप कळतो ना, तसंच. तर गेल्या उन्हाळ्यात शेतीच्या पाण्याच्या पाळ्या बंद होत्या. कालव्यात सोडलेलं ते फक्त पिण्याचं, शेवटच्या टोकाच्या गावांसाठी, आणि वरून सोडलेलं खाली पोचतच नव्हतं. मी गेले होते तिकडे. बायका कालव्यात उतरून तळाशी साचलेलं वाटीने भरत होत्या — वाटीने — आणि मध्येच हात थांबवून गाळ बसायची वाट बघत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, बाई, तुम्ही पाणीखात्यातल्या, मग पाणी जातं कुठे ते तुम्हाला कसं कळत नाही? मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. शपथेवर सांगते, तेव्हा नव्हतं.

मग आमचा पहिला वर्ग भरला, ह्याच खोलीत. आमचे अभियंते, कालव्यावरचे कर्मचारी. मी म्हटलं, सरावाला ओळखीचा भाग घ्यायचा, म्हणजे चित्र खरं बोलतंय की खोटं ते आपल्याला पडताळता येतं. आणि हा भाग लावला पडद्यावर. सगळं लाल, आणि मधोमध हा निळा ठिपका — दिसला? नखाएवढा. मोठे साहेब मागे बसले होते, चष्मा सरसावून म्हणाले, हे काय आहे? मी म्हटलं, बघायला हवं, साहेब. बघायला हवं — असंच म्हटलं मी, जणू मलाच कोडं पडलंय. दुसऱ्या दिवशी माणसं गेली. कालव्याच्या भिंतीतून घातलेला पाइप सापडला, वर दगड रचून झाकलेला. फळझाडांची रोपवाटिका होती तिथे. पाइप बंद केला. पुढे आणखी सापडले तसले, पण पहिला हा. टोकाच्या गावाच्या टाकीत पाणी पडलं, वर्तमानपत्रात आलं, झालं. ही तुमची यशोगाथा.

काय? कुणाची होती म्हणजे? त्याने तुमच्या लेखाला काय फरक पडतो? एका कुटुंबाची होती... माझ्या ताईची होती. सख्ख्या.

आता असं बघू नका माझ्याकडे. आणि मनात म्हणत असाल की वा, काय बाई आहे, कर्तव्यापुढे सख्खी बहीण पाहिली नाही — तसंही नका म्हणू. साहेब म्हणाले होते तसं, सगळ्यांसमोर. मी मान खाली घालून उभी राहिले, लोकांना तो विनय वाटला. तुम्हाला सांगते, माझं लग्न मोडलं तेव्हा मी ताईकडेच होते. हातात बॅग घेऊन दारात उभी राहिले, तिने एक शब्द विचारला नाही, बॅग काढून घेतली आणि दाजींना म्हणाली, ही आता इथेच राहणार. ह्या नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास मी तिच्या रोपवाटिकेत केला, हिरव्या जाळीखाली खुर्ची टाकून. ती रोपांना पाणी घालत यायची आणि माझ्याजवळ आली की झारी उंच धरायची, पुस्तक भिजू नये म्हणून. तेव्हाही तो पाइप होता का? मी कधी विचारलं नाही. विचारावंसंच वाटलं नाही.

दाजींवर खटला आहे अजून. रोपं गेली सगळी — तरी दाजींनी घरचं सांडपाणी घालून काही दिवस ओढली, पण असं कितीक दिवस ओढणार? आता ते दुसऱ्याच्या बागेत कामाला जातात. आणि ताई, तिने काय करावं? मला फोन केला. मला वाटलं शिव्या घालेल, घालायला हव्या होत्या. तर म्हणाली, तू वाईट वाटून घेऊ नकोस गं, तू काय मुद्दाम केलंस? आकाशातून दिसलं त्याला तू काय करणार. मी म्हटलं, हो ना, ताई. हो ना, ताई, म्हटलं मी.

थांबा, लिहू नका. पेन ठेवा खाली. तो भाग मी का निवडला — ओळखीचा होता म्हणून, ते खरंच आहे. पण त्या वर्गाच्या आठवडाभर आधी मी भाचीच्या वाढदिवसाला गेले होते तिथे. सगळं रान करपलेलं आणि ताईची रोपं कशी टवटवीत. मी सहज म्हटलं, काय गं, ही कशी जगवलीस? तिने हाताला धरून नेलं मला, दगड बाजूला करून दाखवलं. म्हणाली, तुला म्हणून दाखवते, बाहेर बोलू नकोस, मलाही हे बरं वाटत नाही, पाऊस पडला की काढूनच टाकू. मी म्हटलं, बरं. त्याच्या चारच दिवस आधी त्या वाटीवाल्या बायका बघून आले होते मी, डोळ्यांपुढून जात नव्हत्या, आणि तरी म्हटलं, बरं. तिथेच म्हणायचं होतं ना — ताई, आत्ताच काढ हे. एवढं एक वाक्य. तिने ऐकलं असतं हो. माझं तिने नेहमी ऐकलंय. पण तिच्या घरचं जेवून तिच्या तोंडावर ते बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी परत आले आणि उपग्रहाला बोलायला लावलं. पाइप उघड झाला ह्याचं नाही वाटत मला काही, व्हायलाच हवा होता. पण तो असा?

आणि आता तर — ताई आज इथे आहे. हो, मागे व्हरांड्यात. प्रत्येक गावातून बायका बोलावल्यात ना, फोनवर ही चित्रं बघायला शिकवायला, तर तिच्या गावाने तिलाच पाठवलं. चटकन शिकते ती. सकाळी मी हेच चित्र दाखवत होते, दरवेळी दाखवते, तर तिने हात वर केला. म्हणाली, मॅडम, कोपऱ्यात ही तारीख आहे ना चित्राची? मॅडम म्हणाली मला. मी म्हटलं, हो. मग म्हणाली, तुमच्या ओळखीचे भाग पुष्कळ असतील, तेव्हा नेमका आमचाच का निवडलात? तारीख वाढदिवसानंतर लगेचची, तिने ती बरोबर ओळखली होती, लेकीचा वाढदिवस काय विसरते ती? सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, योगायोग. ती म्हणाली, बरं, मॅडम. आणि खाली बसली.

जेवायला बोलावलं तिने मला मघाशी, डबा दोघींपुरता आणलाय म्हणाली. मी म्हटलं, पाहुण्या आल्यात. तुम्ही आलात म्हणून सुटले खरं तर. आता तुम्ही एवढं करा, त्या लेखात —

कोण आहे? दारात कोण... तू कधी आलीस? नाही, नाही, जाऊ नकोस, आत ये. ह्या निघतच होत्या. निघा तुम्ही, खरंच निघा, चित्र हवं ते घ्या, काय हवं ते लिहा. दार तेवढं ओढून घ्या जाताना.

ताई. बस ना.