आयरिश फलाटावरचा गणपती

रिटायर झालेल्या कारकुनाने गप्प बसावं की नाही? मी न्यूझीलंडमध्ये, अल्बनीला मुलाच्या गॅरेजमध्ये टेबलावर मावेल एवढं रेल्वे स्टेशन बांधत बसलो, तेही आयर्लंडमधल्या एका खेड्याचं! शेजारचा पॅट्रिक मूळचा त्याच गावचा. तो बघून पास करणार, म्हणून माझा जीव टांगणीला. नेमकी तो येणार त्याच दिवशी गणेश चतुर्थी. बायकोने आयती आरास मिळाली म्हणून फलाटावर थेट गणपती बसवला.

"अगं, आयर्लंडमध्ये गणपती?"

"न्यूझीलंडमध्ये चालतो ना? मग तिथे का नाही चालणार?"

पॅट्रिक आला. सिग्नल चुकला म्हणाला, छपराचा रंग चुकला म्हणाला. मग गणपतीपुढे थबकला आणि खदखदून हसला.

"स्टेशनमास्तर मात्र हुबेहूब! आमचाही गाडी आली तरी उठायचा नाही."