अर्धं लिव्हर

“इथे हळू बोला, आत श्वासासाठी झगडणारी माणसं आहेत,” असं सिस्टरने सकाळीच बजावलं होतं. नवऱ्याच्या तपासणीसाठी आलेल्या मावशींनी तेव्हापासून तोंड मिटलं होतं. शेजारच्या बाकावरच्या दीर-भावजयीला मात्र कुणी बजावलं नसावं.

“वहिनी, सगळ्यांदेखत सांगितलं मी, दादाला माझं अर्धं लिव्हर देतो म्हणून.”

“सांगितलंत खरं. आणि फुप्फुसं?”

“लिव्हर आणि फुप्फुसं, सगळं एकाच गेलेल्या माणसाचं बसवणार आहेत ना? मग माझं कशाला घेतील?”

“तेच तर. डॉक्टरांनी हे सांगितलं आणि मगच तुम्हाला द्यावंसं वाटलं.”

“मनात आधीपासून होतं.”

“मनातलं लिव्हर कुणाला बसवता येत नाही, भाऊजी.”

“तुम्हाला माझी कदरच नाही. दादासाठी काय म्हणाल ते करीन.”

“मग रोज सकाळी त्यांना चालवायला या. पायांतली ताकद गेली तर ऑपरेशनच्या यादीतून नाव काढतील. सिलिंडर मी ओढते, तुम्ही नुसता हात धरा.”

“रोज? माझा गुडघा धरतो हो सकाळचा.”

“अर्धं लिव्हर काढून द्यायला निघाला होतात, म्हणून विचारलं.”

मावशींनी पदर तोंडाला लावला.

“आज राहू द्या. दमलाय तो.”

“काल खिडकीपर्यंत गेलो. आज जिन्यापर्यंत नेईन, असा शब्द दिलाय त्यांना.”

वहिनी उठल्या आणि ऑक्सिजनची गाडी ओढत दाराकडे निघाल्या. वाट द्यायला भाऊजींनी पाय तेवढे आखडून घेतले.