ताकदीचं इंजेक्शन

(डिंगोरे गाव. सावळारामच्या घराची ओसरी, दुपारची वेळ. समोर त्याची पुतणी आरती बसली आहे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती पुरुषांच्या हार्मोनवर संशोधन करते. सावळारामची बायको साळुबाई आत-बाहेर करते आहे.)

सावळाराम : म्हंजे ह्याचा पगार देत्यात तुला? बाप्यांच्या बाटल्या गोळा करायचा?

आरती : जुन्नर-आंबेगावातल्या पुरुषांचे शुक्रजंतू का कमी होतायत, हार्मोन का बिघडतायत, ते नमुने घेऊन तपासतेय, नाना. त्याचा देतात.

सावळाराम : कमी? आमच्या आज्याला नऊ पोरं झाली, त्याचं कुणी तपासलं व्हतं गं? सोमाजीनं पोटाला चिमटा घेऊन लेक शिकवली, आन् लेक गावोगाव बाप्यांची मापं काढीत फिरती. वर गेल्यावर काय तोंड दावू भावाला?

आरती : अण्णांना ठाऊक होतं मी काय करते. त्यांना लाज वाटली नाही.

सावळाराम : त्यो भोळा व्हता. मला वाटती ना! सकाळधरनं साळंत टेबल मांडून बसलीस. फिरकला का एक तरी गडी?

आरती : कसा फिरकेल? जो आत जाईल त्याला बांगड्या भरीन, असं पारावर बसून तुम्हीच सांगितलंत.

सावळाराम : सांगितलं. आन् भरल्याबी असत्या.

साळुबाई : आवं, चहा घ्या. निवतोय.

सावळाराम : तू मधी बोलू नको. आरते, सरळ सांग. बाटलीसाठी तू माझ्या दारात आली न्हाईस.

आरती : नाही. तुमच्या सुनेसाठी, अक्षदासाठी आलेय. शिनोलीहून तिचा फोन होता. उद्या चार माणसं घेऊन तुम्ही तिच्या माहेरी जाणार, सोडचिठ्ठी घ्यायला. खरंय?

सावळाराम : खरं हाय. चार वरसं वाट बघितली. दादाभाऊला दुसरी बघून ठिवलीय मी. वांझ सून घरात ठिवून काय पुजायची हाय?

साळुबाई : वांझ कशी? पयल्याच वरसाला दिस गेलं व्हतं की तिला.

सावळाराम : आन् तिसऱ्या म्हयन्यात सांडलं. तिथंच कळलं मला, पिशवीत दम न्हाई.

आरती : तिच्या सगळ्या तपासण्या मी करून घेतल्यात, नाना. काही दोष नाही. आता एकदा दादाभाऊची करू द्या. एवढंच मागतेय.

सावळाराम : जीभ आवर, आरते! माझ्या पोराचं अंग बघितलंस का? उंबऱ्यात मावत न्हाई. आख्ख्या गावात तसला गडी दावून दे. कशात कमी पडू दिलं न्हाई मी त्याला. बदाम, अंडी, तूप. वर पंधरा दिसाला ताकदीचं इंजेक्शान.

आरती : कसलं इंजेक्शन?

सावळाराम : मर्दाचं! एवढी शिकलीस, तुला ठाव न्हाई?

आरती : चेष्टा पुरे. कुणी दिलं?

सावळाराम : जिमच्या मास्तरनं. तिचं सांडलं तवा मीच गेलो त्याच्याकडं. म्हणलं, बियाणं हलकं आसंल तर जोर वाढवा. तवापासनं एक डाव चुकवला न्हाई. पोरगं कंटाळलं तरी सोता गाडीवर घालून नेतो.

आरती : म्हणजे दिवस गेले ते इंजेक्शनच्या आधी. त्यानंतर?

साळुबाई : त्यानंतर एकदाबी न्हाई.

आरती : काकी, त्याची बाटली आहे घरात?

साळुबाई : फडताळात हाय. आणते.

सावळाराम : आण, आण. वाचू दे बाईसायबाला. न्हाईतरी गावात दुसरं कायबी मिळालं न्हाई तिला.

साळुबाई : ही घे.

आरती : ...हे टेस्टोस्टेरॉन आहे.

सावळाराम : मंग? मर्दाचंच हार्मोन ना? तू ज्याच्यावर जलमभर कागदं काळी केलीस, त्ये मी पोराच्या अंगात कवाच घातलं!

आरती : घातलंत, त्यानंच घात झालेला दिसतोय. हे हार्मोन अंगातच तयार होतं, नाना. मेंदू हुकूम देतो, त्यावर अंडकोष ते बनवतात. शुक्रजंतूही त्याच हुकमावर बनतात. बाहेरून सुई टोचली की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. तो हुकूमच बंद करतो. मग दंड फुगतात आणि आतलं काम ठप्प होतं.

सावळाराम : कायच्या काय! तूप खाऊन कुणी वाळलंय का?

आरती : म्हशीची धार काढायची सोडली तर काय होतं?

सावळाराम : आटती.

आरती : घरात आयतं पिशवीचं दूध यायला लागलं म्हणून धार काढायची सोडावी, तसं झालंय हे.

साळुबाई : म्हंजे माझ्या पोराला ह्यांनीच आटवला?

आरती : तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, काकी. पण असे पुरुष येतात आमच्याकडे. पैलवानासारखे दिसतात, आणि काचेखाली बघावं तर काही नाही.

सावळाराम : परत येतं का?

आरती : काय म्हणालात?

सावळाराम : बहिरी हायस का? परत येतं का, इचारलं!

आरती : सुया थांबवून नीट उपचार घेतले तर बऱ्याच जणांचं येतं. महिने लागतात, कधी वर्षंही. सगळ्यांचं येत नाही. खात्री मी देणार नाही.

साळुबाई : आन् ती पोरगी? हळदीकुंकवाला बोलवायची सोडली बायांनी तिला. हिथं बसून रडायची, अन् मीबी गप बघायचे. लाज वाटती मला माझी.

सावळाराम : झालं ते झालं. ह्या ओसरीच्या भाईर एक शबुद जाता कामा नये. आरते, दादाभाऊला गुपचूप पुण्याला ने. आन् साळे, लाव शिनोलीला फोन. म्हणावं, सोडचिठ्ठी नको आता. पदरात घेतली तुला. आवरून बस, सांजच्याला गाडी धाडतो.

आरती : पदरात घेतली? तिनं काय केलं होतं, नाना?

सावळाराम : तू गप. तुझं काम झालं.

साळुबाई : लागला... अक्षदे, मी बोलते. ऐक, मामंजी म्हणत्यात सोडचिठ्ठी नको आता. सांजच्याला गाडी धाडत्यात... हां... हां...

सावळाराम : काय म्हणती?

साळुबाई : म्हणती, घालवताना समद्या आळीपुढं वांझ म्हणालात. आता आणताना त्याच आळीपुढं, दोष कुणाचा व्हता त्ये सांगणार का?

सावळाराम : काय? माझ्यापुढं मान वर करत नव्हती ती!

साळुबाई : आनखी म्हणती, पोराला सुईला न्यायला सोता जात व्हता. मंग सुनंला आणायला नुसती गाडी का? पाय मोडलंत का तुमचं?

सावळाराम : एवढं बोलली ती?

साळुबाई : ती कुठं बोलती? फोन उचलल्यापासनं नुसती रडती हाय. हे मी इचारते.