डाव्या मूत्रपिंडाच्या बदलीबाबत

विषय : अर्जदाराचे डावे मूत्रपिंड अर्जदाराच्या सख्ख्या थोरल्या भावाकडे कायमस्वरूपी वर्ग करण्याबाबत. संदर्भ : पेशीजुळणी अहवाल, जुळणी पूर्ण, शेरा 'उत्तम'.

आणि या 'उत्तम'नंच माझा घात केला, तुम्हाला सांगतो! अडतीस वर्षं कारकुनी केली, माझ्या गोपनीय अहवालात एकाही साहेबानं 'उत्तम' लिहिलं नाही. 'समाधानकारक'! दरवर्षी 'समाधानकारक'! आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर जन्मातला पहिला 'उत्तम' मिळाला, तो कशाला? तर मूत्रपिंडाला! ज्याच्याकडे मी कधी लक्षसुद्धा दिलं नाही, ते आत बसून इतकं चोख काम करत होतं…

आता तुम्ही म्हणाल, घाबरलात. मी घाबरलो नव्हतो. मी माहिती घेत होतो.

त्याचं असं झालं. दादाची दोन्ही मूत्रपिंडं बसली. आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला जायचं, यंत्राला जोडून चार चार तास पडून राहायचं. वहिनींचा रक्तगट जुळेना, पुतणीला लहानपणापासून मधुमेह, तिचं घेता येईना. उरलं कोण? मी. आणि आमचं दोघांचं नऊ वर्षं बोलणं नाही. का नाही? माझ्या निरोप समारंभात दादा दोन शब्द बोलायला उठला आणि म्हणाला, "माझ्या धाकट्या भावानं अडतीस वर्षांत एकही चूक केली नाही, कारण एकही निर्णय घेतला नाही!" सगळी कचेरी हसली. साहेब हसले. शिपाई हसला, एक वेळ तेही सोडा, पण आमची हीसुद्धा हसली! त्या दिवसापासून मी दादाशी अबोला धरला.

तर घरात सगळे खाली मान घालून बसलेले, आणि मी काय करावं? उभा राहिलो आणि छातीवर हात मारून म्हणालो, "माझं घ्या!" वहिनींच्या डोळ्यांत पाणी. पुतणी गळ्यात पडली. मी आपला शांत. कारण आदल्याच दिवशी वाचलं होतं की सख्ख्या भावाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे चारांत तीन वेळा माणूस मूत्रपिंडासकट घरी येतो आणि शिवाय मोठेपणा फुकट! सांगा, कुठला शहाणा माणूस हा व्यवहार सोडील?

नेमका चौथा निघालो.

मग मात्र मी माहिती घ्यायला लागलो. पुतणी शाळेत विज्ञान शिकवते. तिची आठवीपासूनची सगळी पुस्तकं आणली. माझं म्हणणं एवढंच, की एखादी वस्तू द्यायची तर ती काय आहे, कशाची केलीय, हे देणाऱ्याला कळायला नको? कळलं. माणूस वजनानं पासष्ट टक्के ऑक्सिजन! अठरा टक्के कार्बन, म्हणजे कोळसा! उरलेला हायड्रोजन, नायट्रोजन आणि किरकोळ. एवढी वर्षं आरशापुढे उभा राहून भांग पाडला तो कुणाचा, तर वारा आणि कोळशाचा! बरं, हे अणू तरी कसले? प्रत्येकाला काहीतरी कमी. ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन कमी, कार्बनला चार कमी, आणि ती उणीव भरायला सगळे एकमेकांचे हात धरून बसलेत. त्या धरलेल्या हातांना बंध म्हणायचं. मी रात्रंदिवस ज्याला 'मी, मी' म्हणतो तो गरजूंचा मेळावा निघाला हो!

पुतणी समजावत होती, "काका, सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि क्लोरीन तो घेतो. मग दोघं धरून राहतात, त्याचं मीठ होतं."

"आणि देणारा? त्याचं काय होतं?"

"तो धन होतो."

"गेलं त्याच्या खिशातून, आणि धन तो?"

"हो! इलेक्ट्रॉन ऋण असतो ना. ऋण गेलं की माणूस… म्हणजे अणू, धन होतो."

"आणि घेणारा ऋण?"

"हो."

मी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "बाई गं, तू मला रसायनशास्त्र शिकवतेस की कीर्तन करतेस?"

"काका, घाबरू नका हो."

मी घाबरलो नव्हतो! मी माहिती घेत होतो. पण माहिती माणसाला सुखानं जगू देते का? पुढचंच प्रकरण प्रथिनांचं. वीस जातींची अमिनो आम्लं मण्यांसारखी एकात एक ओवायची, त्या माळेची गुंडाळी व्हायची, आणि गुंडाळीचा जो आकार होईल तेच तिचं काम. आकार मोडला की काम संपलं. उष्णतेनं मोडतो, म्हणे. उदाहरण काय दिलंय? अंडं! उकडलं की पांढरं घट्ट होतं ते प्रथिनांचा आकार मोडल्यामुळे, आणि गार केलं तरी परत पातळ होत नाही. हे मी वाचतोय सकाळी, स्वयंपाकघरात, आणि समोर ही अंडं उकडतेय! पातेल्यात ते अंडं टकटक टकटक आपटतंय… मी हळूच थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव! म्हटलं झालं, आपलीही प्रथिनं शिजायला लागली.

ही म्हणाली, "अहो, गरम चहा पिऊन लगेच थर्मामीटर लावला तर काय होणार? आणि तोंड असं का केलंत? अंडं सोलू का?"

"नको. त्याचा आकार गेलाय."

"मग काय चौकोनी हवं होतं?"

आता हिच्यापुढे कुणी विज्ञान बोलावं?

पण खरा दणका दिला तो पेशीजुळणीच्या धड्यानं. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर काही खास प्रथिनं असतात, तेच तिचं ओळखपत्र. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे दारावरचे पहारेकरी. आला गेला प्रत्येक जण तपासायचा, ओळखपत्र परकं दिसलं की हाणायचा. म्हणून परक्याचं मूत्रपिंड अंग टिकू देत नाही. आणि माझं आणि दादाचं ओळखपत्र एक! हुबेहूब! नऊ वर्षं मी रस्त्यात दादा दिसला की पलीकडच्या बाजूला जातोय, समोरून आला तर दुकानाच्या पाट्या वाचतोय, आणि आत माझ्या कोट्यवधी पेशी दादाचं ओळखपत्र गळ्यात अडकवून हिंडताहेत! घरचेच फितूर झाले तर माणसानं भांडावं तरी कुणाच्या जोरावर?

आणि मूत्रपिंडाविषयी वाचलं तेव्हा तर मला रडूच यायचं बाकी राहिलं. हा अवयव म्हणजे आवक-जावक विभाग हो! दिवसाला एकशेऐंशी लिटर पाणी तपासायचं, त्यातलं एकशेअठ्ठ्याहत्तर परत पाठवायचं. साखर आली, ठेवून घे. युरिया आला, बाहेर काढ. मीठ जास्त झालं, थोडं जाऊ दे. पोटॅशियम वाढलं, लगेच हाकल, कारण ते वाढलं की हृदय चालता चालता थबकतं. ना रजा, ना बढती, ना कुणी कधी शाबास म्हटलेलं. असा कर्मचारी घरात असताना तो उचलून दुसऱ्या कचेरीला द्यायचा? आणि मग उरलेल्या एकाला काही झालं तर? भूल उतरलीच नाही तर? टाके उसवले तर? सर्जनबाई म्हणाल्या, "तुम्ही आठवड्याभरात हिंडाफिराल." मी विचारलं, "आणि न हिंडलो तर?" त्या म्हणाल्या, "असे प्रश्न दाते सहसा विचारत नाहीत." म्हणजे विचारणारा मी एकटा! बाकीचे सगळे शूर!

मग अर्ज आला. अवयवदानाला समितीची मंजुरी लागते, दाता राजीखुशीनं देतोय ना, हे त्यांना बघायचं असतं. अकरा पानी अर्ज. शेवटच्या पानावर, 'मी कोणत्याही दबावाखाली अथवा भीतीपोटी ही संमती देत नाही', खाली सही, शेजारी दिनांक.

आता जे केलं ते तुम्हाला सांगतो, पण ते इथंच ठेवा. मी सही केली. झोकात केली. आणि दिनांकाची जागा कोरी सोडली.

अडतीस वर्षांचा अनुभव आहे मला! बिनतारखेचा अर्ज कुठलाही कारकून पुढे पाठवत नाही. फेटाळतही नाही. तो ठेवतो. मग सवडीनं परत पाठवतो. तीन आठवडे कुठंच गेले नाहीत! घरी सगळ्यांना सांगता येतं, "अर्ज दिलाय," आणि मूत्रपिंड जागच्या जागी. मी घाबरलो नव्हतो… मी वेळ घेत होतो.

मिळाले तीन आठवडे. बरोबर एकविसाव्या दिवशी अर्ज परत आला, वर लाल शाईत 'दिनांक नाही'. आणि त्याच दुपारी पुतणीचा फोन.

"काका, बाबांना वॉर्डात हलवलंय. पोटॅशियम सहा पूर्णांक आठ झालं होतं."

"किती असावं लागतं?"

मला ठाऊक होतं हो. धड्यात वाचलं होतं, पाचाच्या आत. तरी विचारलं. ती रडायला लागली.

मी गेलो. अर्ज हातातच राहिला होता. दादा यंत्राला जोडलेला, दोन नळ्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. मी आपला उभा. नऊ वर्षांनी पहिला शब्द काय बोलावा? मी म्हणालो, "ती जी पातळ जाळी असते ना यात, तिच्या भोकांतून युरिया जातो, प्रथिनं जात नाहीत. मोठी असतात ती."

दादा म्हणाला, "बस."

बसलो. त्यानं अर्ज मागितला, शेवटचं पान काढलं, लाल शाई वाचली.

"तारीख राहिली?"

"राहिली."

"जन्मभर लोकांच्या अर्जांवरच्या तारखा तपासल्यास, आणि स्वतःच्या अर्जावरची राहिली?"

मग तोंडातून निघून गेलं, "राहिली नाही दादा. ठेवली."

"ते कळलं मला." तो हसला, पण हसताना धाप लागली. "अरे, तू सात वर्षांचा असताना तुझा किडका दात पाडायला नेलं होतं. तू खुर्चीत बसेना. त्या दातवाल्याला म्हणालास, आधी दादाचा पाडून दाखवा, मग माझा."

"मग?"

"मग काय! पाडला ना त्या गाढवानं! चांगला दात होता माझा!"

"आणि माझा?"

"तू पळून गेलास."

मला हे काही म्हणजे काही आठवत नव्हतं. दादानं ओठ बाजूला ओढून ती जागा दाखवली. अजून रिकामी आहे.

"धाकट्या, भीती वाटते?"

तुम्हाला सांगतो, इतके दिवस सगळ्यांना एकच ठरलेलं उत्तर देत होतो, तेच तोंडावर आलं होतं. पण म्हणालो, "हो. फार."

"मलापण. सुई टोचताना मी डोळे मिटतो. तुझ्या वहिनीला वाटतं, झोप लागते." मग तो एकदम आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, नसेल द्यायचं तर नको देऊस. मी सांगेन सगळ्यांना, शेवटच्या तपासणीत जुळलं नाही म्हणून. डॉक्टरीणबाईंना मी सांभाळतो. तुझं नाव येणार नाही."

बघा! महिनाभर मी हेच शोधत होतो. आठवीपासूनची पुस्तकं धुंडाळली, अणूअणूत शोधलं, आणि ही पळवाट दादाच्या खिशात! फक्त 'बरं' म्हणायचं होतं. एवढंसं 'बरं'…

मी पेन काढलं. पलंगाच्या कडेवर कागद ठेवून तारीख घातली. कागद सरकायला लागला, तो दादानं त्याच्या मोकळ्या हातानं धरून ठेवला. 'भीतीपोटी देत नाही', हे मात्र खरं होतं. भीती होतीच, पण देत होतो ते तिच्यापोटी नव्हे.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी समितीच्या दारात हजर. तिथला कारकून तरुण, टेबल स्वच्छ, पेन्सिलीला टोक. मला बरं वाटलं, म्हटलं आपल्या जातकुळीचा दिसतोय. त्यानं तारीख बघितली, अहवाल बघितले, परत तारीख बघितली.

"काका, अर्ज कालच्या तारखेचा."

"हो."

"अहवाल जुने. अर्जाच्या आधी तीस दिवसांच्या आतले लागतात."

"अहो, पण पेशींवरची प्रथिनं बदलत नाहीत! जन्मल्यापासून मरेपर्यंत तीच राहतात!"

"प्रथिनांचं मला माहीत नाही, काका. नियमात तीस दिवस आहे."

त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, वर चहासुद्धा विचारला नसता. त्यानं विचारला.

परत रक्त दिलं. सहा कुप्या. डोळे मिटून. जुळणी पूर्ण, शेरा 'उत्तम'. कागद जोडले, पानांवर क्रमांक घातले, पोच घेतली. आता रोज सकाळी आधी पुतणीला फोन करतो, दादाचं पोटॅशियम विचारतो, मग समितीत जातो. आधी तो अर्ज मंजूर होईल म्हणून पोटात गोळा यायचा. गोळा अजून येतोच, हो, शस्त्रक्रियेचं नुसतं नाव काढलं तरी… पण समितीचा जिना चढताना येतो तो दुसरा गोळा, आणि तो मोठा आहे. कारकून मला बघून आता उभा राहतो. म्हणतो, "काका, अध्यक्ष रजेवर आहेत. आले की बैठक लागेल."

"कधी येणार?"

"त्यांच्या रजेचा अर्ज वाढवून आलाय."

आजचं पोटॅशियम सहा पूर्णांक एक. अर्ज समितीपुढे ठेवण्यासाठी तयार असून प्रलंबित आहे.